गोळीची भीती वाटते? मग तपासणी आधी

डिचोलीत दवाखाना चालवणारे डॉक्टरकाका आणि पेडण्यात शाळेत शिकवणारी त्यांची पुतणी यांच्यातलं हे बोलणं. दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या रुग्णांच्या हाती मधुमेहाविषयी एक पत्रक द्यायचं आणि त्याचा मजकूर पुतणीने लिहायचा, असं ठरलं आहे.

पुतणी : काका, लिहायला बसले आणि तिसऱ्या ओळीतच भाषण सुरू झालं. साखर कमी खा, रोज चाला, ताण घेऊ नका. हे वाचून आजवर कोण सुधारलंय? शाळेतल्या पोरांनाही हे पाठ आहे.

काका : पाठ आहे, कारण आम्ही डॉक्टरांनी वर्षानुवर्षं तेवढंच सांगितलं. बाहेर माणसं खोळंबलेली असली की 'गोड बंद करा' एवढंच तोंडातून निघतं. ऐकणारा चहातली साखर सोडतो आणि ताटातला भात तेवढाच ठेवतो. तू उपदेशाने सुरुवात करू नकोस, आकड्याने कर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनबरोबर २००८ ते २०२० या काळात देशभर पाहणी केली. गावातली आणि शहरातली मिळून एक लाख तेरा हजार प्रौढ माणसं तपासली. निष्कर्ष २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात छापून आले. मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के निघालं, उत्तर प्रदेशात ४.८ आणि गोव्यात २६.४. सगळ्या राज्यांत पहिला नंबर आपला, पण या नंबराची बातमी दोन दिवस चालली आणि विरून गेली. गावच्या तिठ्यावर चार मोठी माणसं उभी असली तर त्यांतल्या एकाला मधुमेह आहे, असा तो हिशेब.

पुतणी : यावर लोक म्हणतील, गोव्यात दवाखाने जास्त, तपासण्या जास्त, म्हणून आकडा फुगला.

काका : म्हणू देत, तू उत्तर लिही. दवाखान्यात आलेल्यांची मोजदाद केली असती तर हा आक्षेप खरा ठरला असता. या पाहणीत आधी घरं निवडली, मग त्या घरांतल्या माणसांचं रक्त तपासलं. स्वतःला ठणठणीत समजणारेही त्यात आले. दुसरा आक्षेप वयाचा येईल आणि त्यात थोडं तथ्य आहे. गोव्यात वयस्कर माणसं जास्त, आणि वयाबरोबर मधुमेह वाढतो. केरळचाही आकडा २५.५ आहे, तिथेही तीच गोष्ट. पण वय कोणाच्या हातात नाही. जे हातात आहे ते बोलू.

पुतणी : हातात म्हणजे ताटात ना? तिथेच लोक अडवतात. आमचे आजे सकाळी पेज प्यायचे, दोन वेळा भात खायचे, चतुर्थीला पातोळ्या आणि नेवऱ्यांवर ताव मारायचे. त्यांना कुठे होती साखर?

काका : पहिली गोष्ट, त्यांचं रक्त तपासलं कोणी होतं? आणि दुसरी, ते आजे जेवून उठल्यावर काय करायचे हे कोणी आठवत नाही. नांगर, चिखल, लावणी, डोक्यावर भारा, बाजाराला चालत. जेवणातली साखर रक्तात आली की तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू म्हणजे साखरेची कणगी. कष्टाने ती रोज रिकामी होत असे, म्हणून रोज नवा भात तिच्यात मावत असे. आता कणगी भरलेलीच राहते आणि वरून पुन्हा भात ओततात. डिचोलीत खाणी आल्या, शेतातला माणूस ट्रकच्या सीटवर जाऊन बसला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, ट्रक दारात उभे राहिले, पण माणूस काही शेतात परतला नाही. पेडण्यात मोपाचा विमानतळ आला, हॉटेलं आली, तिथल्या नोकऱ्याही खुर्चीच्या नाहीतर काउंटरच्या. शेतं पड टाकली आणि पोदेर गल्लीच्या तोंडाशी भोंपू वाजवतो तिथवर जायला लोक स्कूटर काढतात! घरापासून शंभर पावलं नाहीत, आणि स्कूटर!

पुतणी : काका, स्कूटरवर तुम्ही नेहमीच घसरता. पण पोट सुटलेल्याला हे पटेल. अंगाने काटक असलेला म्हणेल, मला कशाला भीती?

काका : त्यालाच जास्त सांगायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचंही २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या लोकांची ठेवणच अशी की हातपाय बारीक आणि चरबी पोटात, यकृताच्या आसपास. त्यामुळे काट्यावरचं वजन आपल्याला फसवतं. पत्रकात टेप लिही. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर वजन कितीही असो, सावध व्हायला हवं.

पुतणी : मग जेवणाचं नेमकं काय लिहू? भात सोडून चपाती, असंच ना?

काका : नको गं बाय, हीच फसगत घराघरांत चाललीय. त्याच पाहणीतल्या अठरा हजार लोकांच्या आहाराचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण दिवसभरातल्या उष्मांकांपैकी जवळपास ६२ टक्के पिष्ट पदार्थांतून आणि साखरेतून घेतो, असं त्यात दिसलं. तांदळाच्या जागी गहू किंवा नाचणी घेतल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टाचा एकूण वाटा उतरून त्या जागी डाळी, कडधान्यं, दूधदुभतं यांतली प्रथिनं आली, तिथे धोका कमी होता. म्हणजे प्रश्न धान्य कुठलं याचा कमी आणि किती याचा जास्त. उकडा तांदूळ पॉलिशच्या तांदळापेक्षा बरा, पण त्याचा डोंगर उपसला तर तोही तेच करणार. आपल्या स्वयंपाकात उत्तर आहे की. कुळीथ, मुगागाठी, खतखते, मासळीचं हुमण, हे सगळं ताटात असतं, पण भाताच्या कडेला चमचाभर. ते वाढवायचं आणि भात अर्धा करायचा. पेज घेतली तर सोबत उसळ हवी. पोदेराच्या पोयीवर कोंडा दिसतो म्हणून चार खायच्या नाहीत, आत मैदा किती हे त्या त्या बेकरीवर असतं. आणि ती 'शुगर फ्री' बिस्किटं! साखर काढली, मैदा ठेवला, किंमत वाढवली, आणि रुग्ण ती औषधासारखी खातो.

पुतणी : हे सगळं लिहिते. मिठाचंही लिहिते, लोणचं, पापड, सुकी मासळी. फेणीचंही एक वाक्य टाकते. पण काका, लोकांची खरी अडचण ताटात नाही. ते म्हणतात, तपासलं की साखर निघणार, निघाली की गोळी लागणार आणि एकदा लागली की ती जन्माची. म्हणून ते तपासायलाच येत नाहीत. खरं सांगू? मलाही ते थोडंसं पटतं.

काका : इथेच सगळा घोळ आहे, तेव्हा नीट ऐक. मधुमेह एका रात्रीत येत नाही. मधली काही वर्षं साखर सीमेवर असते. तेव्हा काही दुखत नाही, तहान लागत नाही, काहीच जाणवत नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी अशा सीमेवरच्या ५३१ जणांचे चार गट करून त्यांना तीन वर्षं पाहिलं. २००६ मध्ये त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त साधा सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून आहार आणि चालणं नेमाने करवून घेतलं, त्यांच्यात ३९.३ टक्के. ज्यांना मेटफॉर्मिनची गोळी दिली, त्यांच्यात ४०.५. आणि ज्यांना दोन्ही दिलं त्यांच्यात ३९.५. म्हणजे सीमेवर असताना चालणं आणि ताट यांनी गोळीइतकंच काम केलं, वर गोळी देऊन फायदा वाढला नाही. गोळीशिवाय भागवण्याची खरी संधी या काळात असते. आता मला सांग, तपासलंच नाही तर आपण सीमेवर आहोत हे कळणार कसं? गोळी नको म्हणून तपासणी टाळणारा माणूस गोळी टाळण्याची संधीच घालवून बसतो.

पुतणी : आणि सीमा ओलांडून गेली असेल तर? मग जन्माचीच ना?

काका : बहुतेकांना गोळी लागते, हे मी लपवणार नाही. पण 'एकदा ती कायमची' हे सूत्र जसंच्या तसं खरं नाही. ब्रिटनमध्ये २०१७ च्या एका अभ्यासात मधुमेह होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या, वजन जास्त असलेल्या लोकांचं वजन देखरेखीखाली उतरवलं. वर्षभराने त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळीशिवाय मधुमेहाच्या खाली राहिली. पंधरा किलो किंवा त्याहून जास्त उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. आपल्याकडच्या सडपातळ रुग्णाला हे आकडे सरळ लावता येत नाहीत. शिवाय वजन पुन्हा वाढलं की साखर पुन्हा येते. पण इथेही लवकर कळलेल्यालाच संधी मिळाली, हे लक्षात घे.

पुतणी : बरं. चालण्याचं मी लिहिते, अर्धा तास रोज. पण गोळीने किडनी जाते, त्याचं काय?

काका : चालण्याला एका वाक्यात वाटेला लावू नकोस! न्यूझीलंडमधल्या २०१६ च्या एका प्रयोगात मधुमेहाच्या रुग्णांना एकदा दिवसातून कधीही तीस मिनिटं चालवलं आणि एकदा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं. जेवणानंतर चालल्यावर जेवणानंतरची साखर १२ टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपल्याकडे रात्रीचं जेवण जड आणि त्यानंतर टीव्ही. पहाटे तळ्यावर फिरायला जाणं चांगलंच, पण ज्याला ते जमत नाही त्याने जेवून उठल्यावर अंगणात दहा मिनिटं घालवावीत. रस्त्यावर पदपथ नाहीत आणि वाहनं अंगावर येतात ही तक्रार खरी आहे, ती पंचायतीत जाऊन करा. अंगणात कोणी वाहन आणत नाही.

पुतणी : काका, किडनी.

काका : सोडणार नाहीस तर. ठीक आहे. ही समजूत कुठून आली ते पाहा. किडनीचं काम फार घटलं की मेटफॉर्मिनचा डोस आधी कमी करतात आणि आणखी घटलं की ती बंद करतात, कारण ती किडनीतूनच बाहेर पडते आणि अंगात साठू शकते. घरचे लोक पाहतात की किडनी बिघडली आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली. त्यावरून ते ठरवतात की गोळीनेच बिघडवली. प्रत्यक्षात किडनी खराब करणारी दोन मोठी कारणं म्हणजे वर्षानुवर्षं चढलेली साखर आणि चढलेलं ब्लडप्रेशर. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यात औषधांनी साखर जास्त काटेकोर आवरलेल्या गटात डोळे आणि किडनी यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले. ज्या अवयवासाठी लोक गोळी टाळतात, त्याच अवयवाला गोळी वाचवते. किडनीची एवढी काळजी असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. ते कोणी करत नाही, गोळी मात्र गुपचूप बंद करतात.

पुतणी : बंद करून कारल्याचा रस, नाहीतर कोणीतरी दिलेली पुडी.

काका : कारल्याची भाजी खा, माझी ना नाही. आयुर्वेदावर विश्वास असेल तर धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं रुग्णालय आहे, तिथल्या वैद्याकडे जा, आणि कोणती औषधं चालू आहेत हे त्याला आणि मला दोघांनाही सांगा. नाव-पत्ता नसलेली पुडी मात्र नको. अशा पुड्यांत साखर उतरवणाऱ्या आधुनिक गोळ्यांची भुकटी मिसळलेली सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. गोळीला घाबरून पुडी घेतली आणि पुडीतून तीच गोळी पोटात गेली, तीही मापाशिवाय. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

पुतणी : आता तपासणीचं सांगा, म्हणजे शेवट लिहिते. कोणी, कधी, कुठे?

काका : वय तीसच्या पुढे गेलं की सगळ्यांनी. सरकारच्या आरोग्य कार्यक्रमातही तीसच्या पुढच्यांची तपासणी ठरलेली आहे, त्यासाठी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र पुरेसं आहे. आई-वडिलांना मधुमेह असेल किंवा कंबर मापाबाहेर असेल तर तीसचीही वाट पाहू नये. आठ तास उपाशी राहून रक्त द्यायचं, पाणी चालतं. उपाशीपोटी १०० च्या खाली असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे सीमेवर, १२६ किंवा वर म्हणजे मधुमेह, पण त्रास जाणवत नसेल तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करायची. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असली तर सीमा आणि ६.५ पासून मधुमेह. रक्त कमी असलेल्या बाईच्या बाबतीत हा आकडा फसवू शकतो, म्हणून तिची उपाशीपोटीची साखर सोबत पाहावी.

पुतणी : आणि सगळं ठीक निघालं, तर सुटले?

काका : तीन वर्षांपुरते. मग पुन्हा. सीमेवर निघाला त्याने दर वर्षी. गरोदरपणात जिची साखर वाढली होती तिने बाळंतपणानंतर बारा आठवड्यांच्या आत एकदा तपासावं आणि पुढेही सोडू नये, कारण तिला मधुमेहाचा धोका बराच जास्त असतो. घरात बाळ आलं की आईचं रक्त कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून ही ओळ पत्रकात ठळक छाप आणि खाली लिही की तिला घेऊन येण्याची जबाबदारी नवऱ्याची.