ऑपरेशन दिल्लीला, ताप झाशीत

लहान मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन परगावी करून आणणाऱ्या प्रत्येक घराला कळकळीने सांगते: डिस्चार्ज मिळाला म्हणजे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं आपल्याच गावी निभवायचं असतं, आणि ते कोण निभावणार हे परतीचं तिकीट काढण्याआधी ठरवून घ्या.

आम्ही झाशीच्या मानिक चौकातले. माझ्या पुतण्याच्या मुलीच्या हृदयाला जन्मतः छिद्र. अंगणवाडीत आलेल्या तपासणी पथकाच्या ते लक्षात आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, त्यातून अशी तपासणी होते आणि ऑपरेशनचीही सोय लागते. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते. ऑपरेशन दिल्लीच्या एका मोठ्या रुग्णालयात झालं आणि छान झालं.

घरी आल्यावर पहिल्यांदा पुड्या संपल्या. लघवी साफ व्हावी, अंगात पाणी साठू नये म्हणून तिच्या वजनाप्रमाणे औषधाच्या पुड्या बांधून दिल्या होत्या. इथल्या दुकानात तशा पुड्या कोण बांधून देणार? अख्खी गोळी हातावर ठेवून दुकानदार म्हणाला, पाव करून द्या. सूनबाई स्टीलच्या ताटलीत ब्लेडने गोळी कापायला बसली. एक तुकडा मोठा, एक बारीक, बाकीचा भुगा. तान्ह्या जिवाच्या औषधाचं माप असं ताटलीत ठरत होतं.

मग ताप आला. पोर आडवी होईना, बसूनच राहायची, श्वास भराभर चाललेला. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेली. डॉक्टरांनी फ्रॉक वर करून छातीवरचा व्रण पाहिला आणि उभ्या उभ्या सांगितलं, जिथे ऑपरेशन झालं तिथेच न्या. दिल्ली इथून चारशे किलोमीटर. नशिबाने दुसऱ्या एका बालरोगतज्ज्ञांनी आधी तिला ऑक्सिजन लावला, एको करवून घेतला. हृदयाभोवती पाणी साचलं होतं. अशा ऑपरेशननंतर काही दिवसांनी हे होऊ शकतं, असं ते म्हणाले. त्यांनी दिल्लीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून औषध सुरू केलं आणि ऑक्सिजनच्या अँब्युलन्समधून पुढे पाठवलं. आज ती खेळते आहे.

अशी ऑपरेशनं मोजक्याच ठिकाणी व्हावीत, हे मला पटलेलं आहे. स्वीडनने नव्वदच्या दशकात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं गोथेनबर्ग आणि लुंड या दोनच शहरांत आणली, आणि ऑपरेशननंतरचे मृत्यू शेकडा साडेनऊवरून दोनच्याही खाली आले. रोज करणारा हात आणि क्वचित करणारा हात यांत फरक पडतोच. पण सगळंच वर पाठवायची सवय लागली की गावच्या डॉक्टरांच्या नजरेखालून अशी मुलं जाईनाशी होतात. त्यांना ती हाताळायची भीती वाटू लागते, मग साधा तापही वर जातो.

आणि वर गर्दी होते. ललितपूर, टीकमगढ, दतिया, जालौनची बाळं आमच्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजात येतात. 15 नोव्हेंबर 2024 च्या रात्री तिथल्या नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. त्या कक्षात तेव्हा क्षमतेच्या दुपटीहून जास्त बाळं होती. आगीचं कारण काहीही असो, इतकी बाळं एकाच कक्षात का आणावी लागतात, हा प्रश्न आसपासच्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला विचारायला हवा. गोरखपूरला मेंदूज्वराची मुलं अशीच एका मेडिकल कॉलेजात लोटत. तालुक्याच्या केंद्रांत उपचाराची सोय आणि जिल्ह्यांत बालअतिदक्षता विभाग झाले, तेव्हा कुठे घराजवळ इलाज मिळू लागला.

तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नका. मुलाचं वजन, स्वस्थ असतानाचा ऑक्सिजन, प्रत्येक औषध किती मिलिग्रॅम आणि किती मिलिलिटर, पुढचा एको कधी, हे सगळं कागदावर लिहून घ्या. पुड्या दिल्या असतील तर संपल्यावर काय द्यायचं तेही विचारा. रात्री उचलला जाणारा फोन नंबर मागून घ्या. सगळ्या कागदांचे फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये असू द्या.

गावी आलात की मूल बरं असतानाच जवळच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एकदा त्याची छाती ऐकलेली असली की आजारपणात त्यांना फरक कळतो. ताप, धाप, दूध सोडणं, ओठ निळसर होणं, लघवी कमी होणं, टाक्यातून पाणी येणं, यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. उलट्या-जुलाब लागले तर लघवीचं औषध चालू ठेवायचं की नाही, हे फोन करून विचारा. दात काढायचा असेल तर दाताच्या डॉक्टरांना ऑपरेशनचं आधी सांगा.

आणि कुणी ‘तिथेच न्या’ म्हणालं, तर दारातून हलू नका. श्वास, ऑक्सिजन, साखर तपासून घ्या, चिठ्ठीवर काय पाहिलं आणि काय दिलं ते लिहून घ्या, पुढच्या डॉक्टरांना त्यांनाच फोन करायला लावा. एवढं कुठल्याही जिल्ह्याच्या गावी होऊ शकतं, आणि ते मागायचा तुम्हाला हक्क आहे.