बंद पाकीट

पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर भोर तालुक्यातील किकवी हे गाव लागते. या गावी एक सेवानिवृत्त पोस्टमन राहत असत. खांद्यावर खाकी पिशवी अडकवून त्यांनी आसपासच्या वाड्या-वस्त्या वर्षानुवर्षे पायी तुडवल्या होत्या. आता ते थकले होते; पण घरात कोणतीही नवी वस्तू आली, की ती पाहण्याची त्यांना लहान मुलासारखी हौस वाटे.

एके दिवशी घरात नवा मोबाइल आला. त्यांची नात सातवीत शिकत होती. गणिताचा सराव करून घेणारे एक अ‍ॅप तिने त्यात घेतले. अ‍ॅप उघडताच पडद्यावर एकामागून एक प्रश्न उमटू लागले. मोबाइलमधील लोकांची नावे व क्रमांक पाहू का? आवाज ऐकू का? तुम्ही कोठे आहात, ते जाणून घेऊ का? नात प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणण्यासाठी बोट पुढे करणार, तोच आजोबा म्हणाले, “अगं, थांब. गणिताला आपल्या नात्यागोत्याचे काय काम?”

“आजोबा, सगळीच अ‍ॅप्स असे विचारतात. ‘हो’ म्हणायचे आणि पुढे जायचे,” ती म्हणाली.

तिचा मोठा भाऊ शिरवळच्या एका कारखान्यात कामास होता. तो हसून म्हणाला, “आणि आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय? ज्याने चोरी केली असेल, त्याने भ्यावे!”

आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी एक जुनी हकिकत सांगितली.

“१९८२ सालच्या जानेवारीत मुंबईच्या कापड गिरण्यांत मोठा संप सुरू झाला. एका वाडीवर एक म्हातारी एकटी राहत असे. तिचा मुलगा गिरणीत होता. तिला वाचता येत नसे. म्हणून तिचे पत्र मीच तिला वाचून दाखवीत असे. त्या वर्षी एकदा तिला बंद पाकीट आले. मुलाने लिहिले होते, ‘संप मिटण्याचे चिन्ह दिसत नाही. पैसे पाठवता येणार नाहीत. धीर धर.’ म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि ती एवढेच म्हणाली, ‘हे कुणाला सांगू नका, भाऊ.’ परत येताना वाण्याने मला हटकले, ‘काय लिहिले आहे हो तिच्या मुलाने?’ मी म्हणालो, ‘पत्र तिचे आहे. तिलाच विचारा.’”

आजोबांनी नातवाकडे पाहिले. “त्या म्हातारीने कोणती चोरी केली होती, सांग पाहू?”

“कोणतीच नाही,” तो हळूच म्हणाला.

“तरीही ती बातमी वाण्याला माझ्याकडून कळली असती, तर तिची उधारी त्याच दिवशी बंद झाली असती. पुढे भात घरात आल्यावर तिने पै न् पै फेडली. बाळा, आपली गोष्ट कोणाला सांगायची आणि केव्हा सांगायची, हे ज्याचे त्याला ठरवता आले पाहिजे. म्हणून तर पत्राला पाकीट असते.”

मग ते नातीला म्हणाले, “मोबाइलमध्ये किती जणांचे क्रमांक आहेत, ते पाहा बरे.”

तिने पाहिले. घरातल्या साऱ्यांचे मिळून ३१२ क्रमांक त्यात घातलेले होते. त्यांत आत्याचा होता, भोरच्या डॉक्टरांचा होता, शाळेतील बाईंचाही होता.

“यांपैकी किती जणांना तू विचारलेस?” आजोबांनी विचारले.

नात खाली पाहू लागली. स्वतःची माहिती द्यावी की न द्यावी, एवढाच प्रश्न आहे, असे तिला वाटले होते. आपल्या एका बोटाने ३१२ माणसांची पाकिटे उघडी पडणार आहेत, हे तिच्या ध्यानीही आले नव्हते. तिने तिन्ही प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर दिले. अ‍ॅप काही रुसले नाही. पडद्यावर पहिले गणित आले.

दुसऱ्या दिवशी तिने ही हकिकत वर्गात सांगितली. तेव्हा बाई म्हणाल्या, “तुझ्या आजोबांचे म्हणणे आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही मान्य आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली एक याचिका केली. तिच्यातून निघालेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुढे २०२३ साली लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी संसदेने कायदा केला. त्या कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. घरबसल्या वैद्यकीय सल्ला देणारे एखादे अ‍ॅप मोबाइलमधील क्रमांकांची यादीही मागते. वैद्यकीय सल्ल्यासाठी त्या यादीची गरज नाही; म्हणून मनुष्याने दोन्हींना ‘हो’ म्हटले, तरी त्याची संमती सल्ल्याला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरावी, असे कायदा सांगतो.”

“पण बाई, एखादे अ‍ॅप न सांगताच माहिती घेत असेल तर?” एका मुलाने विचारले.

“असेही घडले आहे. अमेरिकेत २०१३ साली तेथील व्यापार आयोगाने एका अ‍ॅपवर कारवाई केली. मोबाइलचा दिवा लावणे एवढेच त्याचे काम. पण दिवा लावणारा मनुष्य कोठे आहे, ही माहिती ते त्याला नकळत जाहिरातवाल्यांकडे पाठवीत होते. मात्र, म्हणून यंत्राला घाबरू नका. नकाशाला आपले ठिकाण सांगावेच लागते. नाही तर तो वाट कशी दाखवील? मागितलेली माहिती त्या कामाला खरोखर लागते का, एवढे आधी पाहावे. कळले नाही, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे.”

शाळा सुटल्यावर एका मैत्रिणीने तिच्या आत्याचा क्रमांक मागितला. क्रमांक तिला तोंडपाठ होता. तरी ती म्हणाली, “आज आत्याला विचारते आणि उद्या सांगते.”

स्वाध्याय

१. वाण्याच्या प्रश्नाला पोस्टमनने कोणते उत्तर दिले? त्याने तसे का केले?
२. “आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?” हे कोण कोणास म्हणाले? या म्हणण्यावर तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. नातीने ‘हो’ म्हटले असते, तर कोणाकोणाची माहिती उघड झाली असती?
४. वाक्यात उपयोग करा : पायी तुडवणे, हटकणे, पै न् पै फेडणे, तोंडपाठ असणे.
५. घरच्या मोबाइलमधील कोणतेही एक अ‍ॅप कोणती माहिती मागते, ते वडीलधाऱ्यांच्या मदतीने पाहा. त्यातील कोणती माहिती त्याच्या कामाला लागते, ते लिहा.