ठाण्यातून नोटीस आली तर

समजा, गटाच्या पैशात अफरातफर झाली अशी कुणी तक्रार दिली आणि सचिवताईंच्या हातात पोलिसांची नोटीस पडली. घरात रडारड. कुणी म्हणतं, चार दिवस माहेरी जाऊन राहा. तसं मुळीच करायचं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम ३५ ची ही हजर राहण्याची नोटीस म्हणजे अटक नव्हे. नोटिशीप्रमाणे वागणाऱ्याला, लेखी कारण नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही. गेलोच नाही तर कारण आपणच दिलं! आषाढीच्या धांदलीत ती तारीख जमत नसेल तर लेखी अर्ज देऊन दुसरी मागा. पोच घ्या.

वकिलाला पैसे कुठले? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. पंढरपूर न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, नाहीतर १५१०० वर फोन लावा.

वकिलाकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. इतिवृत्त वही, कर्ज खातेवही, पासबुक, पावत्या, सगळ्यांच्या झेरॉक्स काढा. कुठल्या तारखेला काय झालं ते एका कागदावर ओळीने लिहा. पण वहीत आता नवी ओळ घालायची नाही, खाडाखोड नाही, पान फाडायचं नाही. एखादी सही राहिली असेल तर राहू द्या, वकिलाला तसंच सांगा. राहिलेल्या सहीचं कारण सांगता येतं. मागाहून केलेल्या सहीने नवा गुन्हा अंगावर येतो. मोबाईलवरचे मेसेजही पुसू नका. तक्रारदार बाईच्या दारात भांडायला जाऊ नका. कोऱ्या कागदावर सही तर कुणालाच नाही.

पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगात १५ स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पाचजणींनी कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. १९८३ च्या त्या निकालाने ठरलं : बायकांना वेगळी कोठडी, चौकशीला महिला पोलीस, आणि अटकेची खबर लगेच नातेवाईक व विधी सेवा समितीला. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अटकेनंतर २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, त्यांच्यापुढे उभं करावंच लागतं.

नोटीस आरोपी म्हणून आहे की साक्षीदार म्हणून, तेही वाचून घ्या. साक्षीदार बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं.