येळवसला व्हॅन घेऊन निघालेल्या भाच्याला

भाचेबुवा, दोस्तांच्या जुन्या ओम्नी अन् ती मेटाडोर घेऊन नांदेडहून लातूरकडं येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, शिवारात मुक्कामाला निघालात, बरं केलंत. पॉलिश झालं असेल तर आता मामाचंही ऐका.

१. सगळ्यांची आरसी, विमा, पीयूसी आजच बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण – मारुती व्हॅन १९८४ साली आली, ओम्नी २०१९ला बंद झाली. तुमच्या लाडक्यांची वयं तुम्हीच मोजा.

२. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ऑइल, पाणी, बेल्ट घरीच तपासा – लोह्याच्या पुढं सीट उचलायची म्हटलं की पुढचे दोघं अन् त्यांच्या मांडीवरच्या पिशव्या आधी रस्त्यावर उतरवाव्या लागतात.

३. मेटाडोर पुढं, बाकीच्या मागं – हळूला पुढं घातलं की कुणी मागं राहत नाही.

४. रेडिएटर तापला तर झाकणाला हात नको, आधी चहा घ्या – आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल झालं की तोंडावरच येतं.

५. फॅनबेल्ट, क्लच केबल, फ्यूज, पाने सोबत हवेत – येळवसला अख्खं लातूर रानात जातं, मिस्त्रीसुद्धा.

६. गाडी मुरमावरच लावा, काळ्या रानात एक चाकही नको – एक सर आली की चिकण माती टायरवर थर धरते, मडगार्डमध्ये ठासते अन् चाक जागेवरच थांबतं. तिथं जॅक लावला तर जॅकच खाली जातो, म्हणून एक जाड फळी घ्या. आणि ओढायचा दोर घ्या. दोर घरी, तर बैल दारोदारी.

७. बॅरेजखाली मांजरेच्या पात्रात तंबू नको, वाळू कितीही मऊ असो – वर दार उघडलं की पाणी तुम्हाला विचारून येत नाही.

८. रानातल्या कडब्याच्या कोपीतली पूजा होईस्तोवर भज्जी-आंबिलीकडं बघायचं नाही. मग मात्र लाजू नका – येळवसला वाटसरूलाही बसवून वाढतात, अन् नाही म्हटलेलं कुणाला आवडत नाही.

९. चूल गंजीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला – एक ठिणगी म्हणजे एखाद्याच्या जनावरांचा वर्षाचा चारा.

१०. थंडी वाजली तर वाकळ घ्या. बंद व्हॅनमध्ये शेगडी नाही, इंजिन चालू ठेवून झोपणं तर मुळीच नाही – तो वायू दिसत नाही, वासही येत नाही, माणूस झोपेतच जातो. काच दोन बोटं उघडी ठेवा.

११. सकाळी बूट झटकूनच घाला – विंचवालाही ऊब लागते.

१२. शेतमालकाचं नाव, गाव अन् नंबर कागदावर लिहून आईजवळ द्या – रानात रेंज गेली की ती मला फोन करते, अन् मग माझी रात्र जाते.