जुनाट दमा आणि अंगाचें वजन



आजाऱ्यांच्या भेटीस जातां एक देखावा आपल्या वारंवार दृष्टीस पडतो. वृद्ध माणूस भिंतीस टेकून बसला आहे; छाती भात्यासारखी हलत आहे; गळ्याचीं हाडें वर आलीं आहेत. घरचीं माणसें म्हणतात, "दमा आहे, म्हणून खाणें कमी केलें. भात नको, दहीं नको, केळें नको." त्यांचा हेतु चांगला असतो. परंतु अशानें रोग्याचे दिवस वाढतात कीं घटतात, हें या धड्यांत पाहूं.

हा रोग काय आहे? वर्षानुवर्षें विडीचा किंवा चुलीचा धूर छातींत गेल्यानें श्वासनलिका अरुंद होतात. डॉक्टर यास सीओपीडी म्हणतात. आंत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाहीं. ती सांचून छातीखालील श्वासाचा पडदा दाबून ठेवते. त्यामुळें केवळ श्वास घेण्यांतच रोग्याची पुष्कळ शक्ति खर्च होते. इकडे पोट भरलें कीं धाप वाढते, म्हणून तो दोन घांस खाऊन ताट सारतो. खर्च वाढला व जमा घटली, म्हणजे शरीर आपलेंच मांस मोडून खर्च भागवितें. त्यांत श्वासाचे स्नायुहि झिजतात.

परिणाम काय होतो? डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरीं अशा २,१३२ स्त्रीपुरुषांची १७ वर्षें पाहणी झाली. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालांत कृश रोग्यांमध्यें मृत्यूचें प्रमाण अधिक आढळलें. रोग बळावलेल्यांत तर हा फरक फार ठळक होता. १९९८ सालच्या नेदरलंडमधील अभ्यासांत, ज्यांचें वजन आठ आठवड्यांत २ किलोहून अधिक वाढलें ते अधिक काळ जगले. २००४ पासून डॉक्टर रोगाचा धोका मोजतांना धाप, श्वासाचा जोर व सहा मिनिटांतील चाल यांजबरोबर वजनहि धरूं लागले. त्या हिशेबानें १५० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचें वजन ४७ किलोपर्यंत उतरलें, तर तें धोक्याचें चिन्ह होय.

यावरून लठ्ठपणा हें औषध आहे असें कोणी समजूं नये. अन्नानें रोग बरा होत नाहीं. औषध चालूं ठेवावें व धूर सोडावा. परंतु उपाशी रोग्यास औषधहि तारूं शकत नाहीं.

म्हणून घरच्यांस सांगावें: दोन मोठ्या जेवणांऐवजीं दिवसांतून पांचसहा वेळां थोडथोडें द्या. जेवणापूर्वीं त्यास विसावा घेऊं द्या. वरण, अंडें, दूध, शेंगदाणे, भाकरीवर तेल किंवा तूप, जें घरीं असेल तें द्या. डॉक्टरांनीं मना केल्यावांचून कोणतेंहि अन्न बंद करूं नका. महिन्यांतून एकदां आरोग्य केंद्रांत वजन करून तें लिहून ठेवा. वजन झपाट्यानें घटल्यास थुंकी तपासून घ्या, कारण क्षयहि असूं शकतो. पाय सुजून वजन वाढल्यास तें मांस नव्हे, पाणी होय. त्वरित डॉक्टरांकडे जा.

मनन करण्यासाठीं प्रश्न:
१. दमेकरी थोडें खाऊनहि ताट कां सारतो?
२. आपल्या मंडळींतील कोणत्या रोग्याचें वजन वर्षभरांत कोणींच केलें नाहीं?
३. या आठवड्यांत त्याच्या घरीं कोण जाईल?