वेगासाठी नव्हे, चढासाठी

सॅन होजे

चि. मुक्ता हिस,


तुझ्या श्विन टायफूनचे फोटो पाहिले. साठच्या दशकात शिकागोत घडलेली ती जाड पोलादी सायकल तू भंगारात न घालता रोजच्या वापरात आणणार आहेस, याचा मनापासून आनंद झाला. तुझं विद्यापीठ टेकडीवर आणि खोली खाली, समुद्राच्या बाजूला. एकाच गिअरची एवढी जड सायकल सांताक्रूझच्या चढावर रोज न्यायची तर मोटर हवीच. ती जरूर बसव. पण खरेदीआधी एक गोष्ट मनाशी पक्की कर: ही मोटर चढासाठी आहे, वेगासाठी नाही. एवढं ठरलं की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

आधी हिशेब करू. तू, सायकल, मोटर, बॅटरी आणि दप्तर मिळून १०० किलो धर. ते २०० मीटर उंच न्यायला साधारण ५४ वॅट-तास ऊर्जा लागते. मोटरमधली घट आणि टायरचं घर्षण धरून ती ९०पर्यंत जाईल. म्हणजे ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची, ३६० वॅट-तासांची बॅटरी तुला भरपूर झाली. शंभराला पाच असा चढ ताशी १५ किलोमीटरने चढायला सुमारे २५० वॅट लागतात. त्यातले सत्तर-ऐंशी तुझे पाय देतील. मग २५० ते ३५० वॅटची मोटर पुरे. ७५० वॅट ही कायद्याने घातलेली वरची हद्द आहे, तुझी गरज नव्हे. मात्र चढावर पायडल मारणं सोडू नकोस. मोटर फार हळू फिरली की तिला मिळणाऱ्या विजेतला मोठा भाग नुसती उष्णता होतो.

मोटर हबमधली घे, आत गिअर असलेली, आणि पुढच्या चाकात बसव. क्रँकजवळ बसणारी मोटर चढाला सरस असते हे खरं. पण तुझ्या सायकलचा क्रँक एकसंध आहे. तो जिथे बसतो ती नळी रुंद आणि बिनआट्यांची, त्यामुळे जोडतुकडा लागतो. शिवाय अशा बहुतेक मोटरींत फ्रीव्हील असल्यामुळे उलटं मारलेलं पायडल चेनपर्यंत पोचत नाही. म्हणजे मागचा कोस्टर ब्रेक गेलाच. मागच्या चाकात मोटर घालायची तर फ्रेम फाकवावी लागते. ते करू नकोस. पुढचं चाक ओल्या चढावर कधी घसरेल, तेव्हा थोडं पुढे वाकायचं आणि मोटरचा जोर कमी करायचा.

जुन्या चिमट्याच्या खाचा बारीक ॲक्सलसाठी केलेल्या असतात. मोटरच्या जाड ॲक्सलसाठी त्या घासत बसू नकोस. पोलादी नवा चिमटा आण, ब्रेकसाठी भोक असलेला. मानेची लांबी आणि हँडलचा दांडा जिथे उतरतो त्या नळीचा आतला व्यास मोजून मगच घे; जुन्या श्विनची मापं वेगळी असतात. मूळ चिमटा आणि चाक कापडात गुंडाळून ठेव. फ्रेमला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. बॅटरी पट्ट्यांनी आवळून बसव. जे केलंस ते उद्या सोडवून सायकल मूळ रूपात आणता यायला हवी. आणखी एक: तुझं २६ × १ ३/४चं टायर ५७१ मिलिमीटरच्या रिमचं आहे, मोटरच्या चाकाची रिम बहुधा ५५९ची असेल. आकडे सारखे वाटतात, पण टायर बदलून चालत नाही.

मोटर फिरते तेव्हा तिचा ॲक्सल उलट दिशेला फिरू पाहतो. तो खाचेतून निसटला तर वायर पिळून तुटते आणि चाकही सुटू शकतं. म्हणून दोन्ही बाजूंना ॲक्सल धरून ठेवणाऱ्या टॉर्क आर्मच्या पट्ट्या लाव. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा आवळ.

आता सर्वांत महत्त्वाचं. चढताना जी ऊर्जा साठली, तिचा मोठा भाग उतरताना ब्रेकमध्ये जिरवायचा असतो. मरिन काउंटीत फेअरफॅक्सजवळच्या डोंगररस्त्यावर १९७६ साली जुन्या बलून टायरच्या सायकलींची शर्यत सुरू झाली. उतारावर कोस्टर ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून तिचं नावच ‘रीपॅक’ पडलं. माउंटन बाइकच्या इतिहासाची ती सुरुवात मानली जाते. तुझ्या हबमध्येही तसलाच ब्रेक आहे, आणि चेन उतरली तर तोही राहत नाही. म्हणून नव्या चाकाची रिम ॲल्युमिनियमची घे, तिच्यावर हाताचा कॅलिपर ब्रेक बसव आणि त्याच्या लिव्हरला मोटर बंद करणारा स्विच जोड. पायडल थांबल्यावरही मोटर क्षणभर ओढत राहते. कोस्टर ब्रेकला तसा स्विच नसतो. तेव्हा सवयच लाव: आधी हाताचा ब्रेक किंचित दाबायचा, मग पाय उलटा. हे दोन्ही ब्रेक नीट लागेपर्यंत बॅटरी जोडायची नाही, एवढं माझं ऐकच.

कॅलिफोर्नियात थ्रॉटलच्या सायकलला मोटरवर ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटरची मुभा आहे. तू मोटरचा कंट्रोलर ताशी २५ किलोमीटरवर बांधून ठेव. वेग १५चा ३० झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि ही सायकल मंद चालीसाठी घडवलेली आहे.

बॅटरीत मात्र काटकसर करू नकोस. न्यू यॉर्क शहराने २०२३ साली अशा बॅटरींना यूएल २२७१ प्रमाणपत्र सक्तीचं केलं, कारण घराघरांत आगी लागून माणसं दगावत होती. प्रमाणपत्र नसलेली बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही, सुटे सेल आणून घरी जोडायचे नाहीत. चार्जर तिचाच वापर. दाराशी, बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंगला लावू नकोस, आणि झोपेत तर नाहीच.

जुन्या वस्तूला नवं बळ देताना तिची ताकद ओळखून तेवढंच द्यावं. तू ते समजून करशील याची मला खात्री आहे. चिमट्याची मापं घेतलीस की कळव. टॉर्क आर्म बसवायच्या दिवशी मी येतो.

तुझा,
मामा