भरल्या फुलदाणीत तहानलेले गुलाब

प्रश्न : ताई, आईच्या पंचाहत्तरीला वीस लाल गुलाबांचा गुच्छ आला होता. घरी आल्याबरोबर मी तो तसाच फुलदाणीत ठेवला आणि काठोकाठ पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्म्या फुलांनी माना टाकल्या. पाकळ्या मात्र चांगल्या टवटवीत होत्या. पाण्यात उभ्या असलेल्या फुलाला पाणी मिळत नाही, असं होतं का? शिवाय मी मांडायला गेले की सगळी फुलं एका बाजूला कलंडतात. त्यावर काय करावं?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : होय, अगदी तसंच होतं. पाकळ्या टवटवीत होत्या हे तुम्ही नेमकं टिपलंत. फूल जुनं झालं असतं तर आधी पाकळ्या सुकल्या असत्या, कडा काळ्या पडल्या असत्या. तुमच्या गुलाबांनी मान टाकली ती तहानेनं.

गुलाबाच्या देठात केसाहून बारीक अशा असंख्य जलवाहिन्या असतात. पानांतून पाण्याची वाफ होते आणि त्या ओढीनं खालचं पाणी वर चढतं. म्हणजे देठातलं पाणी सतत ताणलेलं असतं. देठ कोरड्या हवेत कापला की तो ताण सुटतो, पाण्याऐवजी हवा आत ओढली जाते आणि वाहिनीच्या तोंडाशी बुडबुडा अडकून बसतो. त्यात शिळ्या पाण्यातल्या जिवाणूंची भर पडते. तुमचा गुच्छ अजून टाकला नसेल तर एका देठाचं टोक बोटांत धरून बघा. तपकिरी झालेलं असेल, बुळबुळीत लागेल. तो बुळबुळीत थर म्हणजे वाहिन्यांना बसलेलं बूच. वर पानं पाणी उडवत राहतात, खालून थेंब चढत नाही आणि फुलाच्या लगेच खालचा देठ, जो सगळ्यात कोवळा असतो, तो आधी वाकतो.

हे गुलाब तुमच्या घरी येण्याआधीच थकलेले असतात, हेही लक्षात घ्या. आपल्याकडे लांब दांड्याचे ‘डच गुलाब’ मिळतात, त्यातले पुष्कळसे तळेगाव दाभाडे आणि मावळातल्या पॉलिहाऊसमधले. कळी असतानाच ते तोडतात, शीतगृहात ठेवतात, वीस-वीसच्या गड्ड्या बांधतात. तिथून दादरच्या किंवा गुलटेकडीच्या फुलबाजारात, मग फुलवाल्याकडे, मग गुच्छात. या प्रवासात देठाचं टोक कितीतरी वेळ कोरडं राहतं. म्हणून घरी आल्यावर मांडणी नंतर, आधी पाणी पाजणं.

गुच्छावरचा चकचकीत कागद पूर्ण काढा. आत ओल कोंडून पाकळ्यांवर बुरशी धरते. फुलदाणी भांडी घासायच्या साबणानं आतून खसखसून घासा. आधीच्या फुलांचा थर तिथेच चिकटलेला असतो. मग बादलीत पाणी घेऊन देठाचं टोक पाण्याखाली धरा आणि धारदार कात्रीनं दोन-तीन सेंटीमीटर तिरका काप द्या. तिरका अशासाठी की टोक तळाला सपाट टेकून बंद होऊ नये. बोथट सुरीनं देठ चेचला जातो, तेव्हा ती नको. पाण्यात बुडतील तेवढी पानं काढून टाका, कारण ती कुजली की पाणी नासतं. काटे मात्र सगळे खरवडू नका. साल सोलली की तिथूनही जिवाणू शिरतात.

माना टाकलेल्या फुलांनाही पुष्कळदा वाचवता येतं. देठ असेच कापून चार-पाच फुलं वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, माना सरळ राहतील अशी. मग अंघोळीच्या पाण्याइतक्या कोमट पाण्यात, देठ जवळजवळ गळ्यापर्यंत बुडेल अशी, दोन-तीन तास अंधाऱ्या गार जागी ठेवा. माझ्या आईच्या एका वाढदिवसाला मी हे प्रथम केलं. संध्याकाळी कागद उलगडला तेव्हा अकरापैकी आठ फुलं ताठ उभी होती. आईनं त्यातलं एक देवापुढे ठेवलं, तो आनंद मला अजून आठवतो. उरलेल्या तिन्हींच्या माना फार कोवळ्या होत्या, कळी वेळेआधी तोडली होती. ती सावरली नाहीत.

आता पाण्यात काय घालायचं. गुच्छासोबत फुलांच्या खाद्याची पुडी आली असेल तर ती पुडीवरच्या प्रमाणात वापरा. तिच्यात साखर, आम्ल आणि जंतुनाशक तिन्ही असतात. घरी नुसती साखर घालू नका, तिच्यावर फुलाआधी जिवाणूच पोसतात. काही जण लिंबू, साखर आणि ब्लीच असं मिश्रण सांगतात. ते मी घरात करायला सांगत नाही, कारण ब्लीच आणि लिंबू थेट एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. तांब्याचं नाणं टाकायचा जुना सल्लाही सोडून द्या, आपलं आजचं एक रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे. पुडी नसेल तर रोज सकाळी स्वच्छ पाणी बदला आणि दोन दिवसांनी टोक अर्धा सेंटीमीटर कापा. एवढं पुरतं.

कलंडण्याचं कारण फुलदाणीचं रुंद तोंड. तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या लावून जाळी करा, काठ कोरडा असतानाच. पहिले तीन देठ तिरके घाला, एकमेकांना आत ओलांडतील असे. पुढचे देठ त्यांच्या आधारानं उभे राहतात. मधलं फूल फुलदाणीच्या साधारण दीडपट उंच ठेवा, बाजूची क्रमानं बुटकी. दर दोन-तीन फुलांनंतर फुलदाणी फिरवून बघा, नाहीतर सगळं सौंदर्य तुमच्या बाजूला आणि पाहुण्यांच्या बाजूला नुसते देठ. हिरवळीला विकतचं काही नको. कुंतीची फांदी किंवा मनी प्लांटची दोन पानं गुलाबाला फार शोभतात. सगळ्यात बाहेरची जाड, हिरवट शिरांची एखाद-दुसरी पाकळी काढून टाका. ती कळीचं संरक्षण करणारी पाकळी असते. फूल खराब झालंय असं समजू नका.

फुलदाणी पंख्याखाली, उन्हात किंवा टीव्हीच्या शेजारी नको. आणि फळांच्या टोपलीजवळ तर नकोच. पिकत्या केळ्यांतून, आंब्यांतून इथिलीन वायू निघतो, त्यानं गुलाब लवकर उमलून झडतो. आढीच्या दिवसांत हे विशेष सांभाळा.

असं केलंत तर पुण्याच्या थंडीत आठवडा सहज जातो, तुमच्या कल्याणच्या उकाड्यात चार-पाच दिवस धरा. दर वेळी कापल्यामुळे देठ तोकडे होत जातील. मग उंच फुलदाणीतून लस्सीच्या पेल्यात, पेल्यातून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. अगदी शेवटी, देठ बोटभर उरला की फूल पाण्याच्या वाटीत तरंगत ठेवा, आईच्या उशाशी.